शेजारणीचं घर

मागच्या बुधवारी हार्बरफ्रंटला, आमच्या क्रूझ बंदरावर, एक बाई भेटल्या. ओळखीच्या निघाल्या... म्हणजे एका बाजूने.

मी शिपिंग एजन्सीत आहे. क्रूझचं जहाज लागलं की कोणाचं औषध, कोणाची हरवलेली बॅग, असली कामं माझ्याकडे येतात. त्या दिवशी एका अमेरिकन आजींचा गुडघा सुजला होता, त्यांना डॉक्टरकडे नेऊन परत जहाजावर सोडायचं होतं.

माझा मूड आधीच गेलेला. आमच्या ग्रुपचं गणपतीतलं नाटक. इतकी वर्षं मोलकरीण, नर्स, गावाकडची आत्या, सगळं निमूट केलं... यंदा शिरीषदादांकडे, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांकडे, तोंड उघडून मुख्य भूमिका मागितली. मिळाली शेजारीण. "तू आलीस की हमखास हशा गं," म्हणे. करणार की नाही ते रात्रीपर्यंत सांगायचं होतं, आणि मी नाही म्हणायचं पक्कं केलं होतं.

टॅक्सीत आजींनी चष्मा काढला आणि मला एकदम लख्ख आठवलं. लहानपणी केबलवर एक अमेरिकन कॉमेडी मालिका लागायची, त्यातली मागच्या दाराने येणारी शेजारीण. तीच ही. नाव तेव्हाही माहीत नव्हतं.

आणि मी काय विचारावं? "त्यातली हिरॉइन खरंच तेवढी सुंदर होती का हो?"

त्या शांतपणे हो म्हणाल्या. दातसुद्धा तिचे स्वतःचेच होते म्हणाल्या. जहाजावर त्या रोज आपल्या कामाबद्दल गप्पांचा कार्यक्रम करतात, तिथेही लोक पहिला प्रश्न हाच विचारतात. मी कानकोंडी झाले. आमच्या नाटकानंतर लोक विंगेत येऊन मला हिरॉइनची साडी कुठली ते विचारतात... मी तरी काय वेगळं केलं?

डॉक्टरांकडे बराच वेळ बसावं लागलं. त्या आपल्या कामांबद्दल सांगत होत्या. सुरुवातीला साबणाच्या जाहिराती, मग ही शेजारीण, मग घरमालकिणी, नर्सा, आत्या, एक चक्रम न्यायाधीश. जन्मभर दुसऱ्यांच्या दारातून आत यायचं. त्या शेजारणीचं स्वतःचं घर कधी कोणी दाखवलंच नाही. म्हणून प्रत्येक एंट्रीआधी त्या ठरवायच्या, आपण घरी काय अर्धवट टाकून आलोय. गॅसवर काय आहे, नवरा कशावरून रुसलाय. सेटवर कोणाला सांगायच्या नाहीत.

एकदा त्यांना स्वतःची मालिका मिळाली होती. मुख्य भूमिका, पिवळ्या ओट्याचं सुरेख स्वयंपाकघर... काही आठवड्यांतच बंद पडली. लोकांना माझं घर बघायचं नव्हतं, म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नाही. आपण बस चुकल्याचं सांगतो ना, तसं.

मग मीही माझं रडगाणं गायले. मला वाटलं, आता समजूत घालतील, छोटी भूमिका वगैरे काही नसते म्हणतील. त्यांनी विचारलं, पैसे मिळतात का? म्हटलं, नाही, जेवण असतं. "मग मनात नसेल तर करू नकोस," एवढं बोलून त्या गुडघ्याला बर्फ लावत बसल्या. विषय संपला.

त्यांना जहाजावर सोडलं, सेंगकांगला घरी निघाले. आता नाही म्हणायला परवानगीच मिळाली होती. पण एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, डोक्यात भलतंच सुरू झालं. आपली नाटकातली शेजारीण अशी भर दुपारी कशाला आली असेल? घरी काय टाकून आली असेल? पुढच्या छोट्या गाडीत, एलआरटीत, बसेपर्यंत तिच्या सासूचा स्वभावही माझ्या लक्षात आला होता. मी शिरीषदादांना हो कळवून टाकलं. मुख्य भूमिका हुकली याचं वाईट मात्र वाटतंच होतं, अजूनही वाटतं.

रविवारी कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये तालीम होती. मी डब्यात कणीक भिजवून नेली आणि पहिल्या एंट्रीला कोपरापर्यंत कणकेचे हात घेऊन आत गेले. आमची हिरॉइन केतकी चहाचा कप पुढे करते, तो घेता येईना... हात वर धरून तशीच उभी राहिले. तिने बिचारीने स्वतःच कप माझ्या तोंडाला लावला. विनोद कुठलाच लिहिलेला नव्हता, पण सगळे हसत सुटले.

शिरीषदादांनी स्क्रिप्ट चाळलं. "हे यात नाहीये. कुठून आणलंस?"

"घरून," मी म्हटलं. "पोळ्या अर्धवट टाकून आलेय."

आजींचं जहाज बुधवारीच संध्याकाळी सुटलं. त्यांना हे कळवायची काही सोय नाही, म्हणून इथे लिहिलं. गुडघा बरा असू दे त्यांचा.