उन्हातली भरती

मी पाण्याचा इंजिनियर आहे. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे ते लिहायला तोंड राहणार नाही.

शिक्षण पुण्याचं, वरची पदवी अमेरिकेची, नोकरी डेन्व्हरला. गाव मात्र बार्शीकडचं, जिथली नदी वर्षातले नऊ महिने क्रिकेटचं मैदान असते. (उरलेल्या तीन महिन्यांतही एक विकेट कोरडी मिळतेच.) अशा गावचा पोरगा पाण्यात एवढा शिकला, याचा मला रास्त अभिमान होता. शहरावर कितीही पाऊस पडो, पाणी कुठून येईल, किती येईल आणि कुठे जाईल हे मी कागदावर काढून देत असे. मला नसेल एवढा अभिमान माझ्या आईला होता, डेन्व्हरच्या मराठी मंडळातल्या लोकांना होता. एकट्या सासऱ्यांना नव्हता.

सासरे म्हणजे आप्पा. देवगडचे निवृत्त पोस्टमास्तर. ऐंशीच्या दशकातल्या एका नोव्हेंबरात ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि आल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीवर एकच शिक्का मारू लागले. घर दाखवलं. "ठीक." नवी स्टेशनवॅगन दाखवली. "ठीक." ग्रँड कॅन्यन बघायला पार ॲरिझोनापर्यंत नेलं. काठावर उभं राहून त्यांनी ते सगळं डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बराच खड्डा आहे. ठीक."

हेही चाललं असतं. पण मंडळाच्या संक्रांतीला एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "आप्पा, जावई काय करतात तुमचे?"

आप्पा तिळगूळ चावत शांतपणे म्हणाले, "गटारांचं बघतात."

आता हे अगदीच खोटं नव्हतं. (पावसाचं पाणी शहराबाहेर काढणाऱ्या ज्या वाहिन्या, त्यांना दुसरं काय म्हणणार?) पण हॉलमध्ये साठ माणसं होती हो! घरी येताना मी गाडीत सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच म्हटलं, "तुझ्या वडिलांना जरा समजावून सांग ना, मी काय करतो ते."

"सांगितलं मी. ते म्हणाले, म्हणजे गटारंच ना?"

त्या दिवशी मी ठरवलं. मे महिन्यात आप्पा परत जायच्या आत, एकदा, फक्त एकदा, चार माणसांत त्यांच्या तोंडून निघालं पाहिजे की माझे जावई पाण्याचे इंजिनियर आहेत. आणि आप्पांना दोनच गोष्टींत रस होता, पाणी आणि मासे. पोस्टातून सुटले की थेट बंदराच्या धक्क्यावर जाऊन गळ टाकून बसायचं, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. तेव्हा या माणसाला जिंकायचं तर नदीवरच जिंकायला हवं, हे उघड होतं.

आमच्या शेजारच्या हॅन्सनबाई सत्तरीच्या होत्या आणि लहानपणापासून फ्लाय फिशिंग करत आलेल्या. म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, ती लांब दोरीने पाण्यावर अलगद टेकवायची आणि ट्राउट माशाला फसवायचं. त्यांनी मला महिनाभर हिरवळीवर दोरी फेकायला शिकवलं. मी पहिल्या आठवड्यात त्यांचं गुलाबाचं झाड पकडलं, दुसऱ्यात आमच्या टीव्हीचा अँटेना, तिसऱ्यात सुलभाचा स्वेटर. स्वेटरमध्ये सुलभा होती.

आप्पा व्हरांड्यातून बघत असत. एकदा त्यांनी विचारलं, "आणि मासा सापडला की?"

"सोडून द्यायचा, आप्पा. इथे तशी पद्धत आहे."

"म्हणजे आधी माशाला फसवायचं आणि मग घरच्यांना," आप्पा म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

त्यांना आणखी एक प्रश्न पडायचा. सहा महिने समोरच्या डोंगरांवर बर्फ साठताना बघून ते दर आठवड्याला विचारायचे, "जावईबापू, हा एवढा बर्फ जातो कुठे?"

"वसंतात वितळतो, आप्पा. सगळं पाणी नद्यांना येतं."

"ठीक."

हे मी स्वतः, माझ्या तोंडाने, किमान वीस वेळा सांगितलं होतं, याची कृपया नोंद घ्यावी. (बचावासाठी एवढंच सांगतो की आमच्या ऑफिसात बर्फाचं काम शेजारच्या टेबलाकडे होतं. माझ्याकडे पाऊस होता.)

आप्पांचं विमान मेमधल्या एका मंगळवारचं होतं. आदल्या शुक्रवारी सकाळी कडाक्याची थंडी पडली, आभाळ भरून आलं, बारीक बर्फ भुरभुरू लागला. हॅन्सनबाई दार ठोठावत आल्या. "चला! आजच! थंडीने डोंगरावरचं वितळणं थांबलंय, पाणी स्वच्छ असणार. आणि अशा अंधाऱ्या दिवशीच पाण्यावर खऱ्या माश्या निघतात, त्या खायला मासे वर येतात!"

मी हसलो. बर्फ पडत असताना सासऱ्यांना नदीत कोण उभं करतं? शिवाय रविवारी लख्ख ऊन पडणार असं टीव्हीवर सांगितलं होतं. हॅन्सनबाई एकट्याच गेल्या आणि सात ट्राउट पकडून, सोडून, संध्याकाळी परत आल्या. मी मनात म्हटलं, म्हातारीचं नशीब.

रविवारी सकाळी आम्ही गाडी भरत होतो. थालीपिठं, दही, लोणचं, चहाचा थर्मास आणि नारळाचं वाटण. (वाटण आप्पांच्या आग्रहाखातर. "एखादा चुकून सोडायचा राहिला तर?" ते म्हणाले.) हॅन्सनबाई कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या.

"टुडे?" त्यांनी विचारलं.

"लुक ॲट द सन!" मी हात पसरून म्हटलं.

"दॅट इज व्हॉट आय ॲम लुकिंग ॲट," त्या म्हणाल्या. मी याचा अर्थ त्यांनाही ऊन आवडलं असा घेतला.

दोन तासांनी आम्ही त्यांनीच मागे सांगितलेल्या जागी, जुन्या पुलाच्या खाली पोचलो. देखावा म्हणाल तर कॅलेंडरवरचा! निळं आकाश, ढगाचा ठिपका नाही. काठाजवळ एक घोटाभर पाण्याचा पाट, त्यापलीकडे गोट्यांचं छानसं बेट आणि बेटापलीकडे मुख्य नदी. मी बूट काढून काठावर ठेवले आणि छातीपर्यंतचे रबरी कपडे चढवले. गाडीची किल्ली पाण्यात पडू नये म्हणून ती डाव्या बुटात ठेवली. माझी दूरदृष्टी पहिल्यापासूनच अशी आहे. बाकीचे अनवाणी पाट ओलांडून आले.

"डॅड, आय कान्ट फील माय टोज!" आमची अकरा वर्षांची केतकी किंचाळली.

"वितळलेल्या बर्फाचं पाणी आहे, बेटा," मी कौतुकाने म्हटलं. (पुन्हा नोंद घ्यावी!)

"कसं वाटलं, आप्पा?"

"गार आहे. ठीक."

बेटावर चादर पसरली. आप्पांनी कानटोपी नीट केली, एक पांढरा खडा शोधला आणि पाण्याच्या अगदी कडेला ठेवला.

"हे कशाला?"

"सवय. धक्क्यावर बसलं की आधी खडा ठेवायचा. भरती लागली की कळतं."

मी सुलभाकडे पाहून डोळे मिचकावले. मग प्रेमाने त्यांना समजावलं की भरती समुद्राला येते, नदीला नाही. नदीला पूर येतो आणि पूर यायला पाऊस लागतो. आणि पाऊस यायला, वर बघा, ढग लागतात. हे सांगताना माझा आवाज मला स्वतःलाच फार आवडला.

दोन तास मी दोरी फेकत होतो. मासे ढुंकून बघेनात. पाणी चहासारखं गढूळ होत चाललं होतं, पण मी ते तिथल्या मातीच्या गुणावर ढकललं. ऊन छान तापलं. सुलभाने स्वेटर काढला.

"जावईबापू, खडा गेला," आप्पा म्हणाले.

"गोटा घसरला असेल."

आप्पांनी वर दुसरा खडा ठेवला. आम्ही थालीपीठ खाल्लं, वाटणाबरोबर.

"दुसराही गेला."

"आप्पा, लाटेने गेला असेल."

"भरती आहे ही. डोंगरावर ऊन चढलं तशी लागली."

"अहो," सुलभा म्हणाली, "आप्पा म्हणतायत तर बघा ना एकदा."

"सुलभा, मी पोटासाठी दुसरं काय करतो? पाणी मला कळतं!"

तेवढ्यात केतकीने नदीकडे बोट दाखवलं. "डॅड, इज दॅट युअर शू?"

पाटातून वाहत जाऊन माझा उजवा बूट खाली मुख्य प्रवाहात डौलात चालला होता. त्याच्यामागून, पाच हातांवर, डावाही आला. किल्लीसकट!

मी वळून पाहिलं. सकाळी जिथे घोटाभर पाणी होतं तिथे आता फेसाळलेली, घोंघावणारी एक वेगळीच नदी होती. रबरी कपड्यांनिशी मी दोन पावलं टाकली. पाणी कमरेला लागलं आणि पाय उचलला गेला. आप्पांनी मागून माझी कॉलर धरली. अडुसष्ट वर्षांच्या माणसाची पकड एवढी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं. मी बेटावर येऊन बसलो, आणि तेव्हा कुठे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऊन, बर्फ, पाणी. वीस वेळा सांगितलेलं! आभाळात ढग नसणं हाच इथला पाऊस होता. थंडी पडली असती तर नदी सकाळसारखीच राहिली असती आणि हॅन्सनबाईंच्या शुक्रवारसारखे मासेही मिळाले असते.

"आता?" सुलभाने विचारलं.

"आता ओहोटीची वाट बघायची," आप्पा म्हणाले. "ऊन उतरलं की पाणी उतरेल. पण वरून इथवर यायला त्याला वेळ लागणार. सकाळ उजाडेल."

बेट दोन चादरींएवढं उरलं. केतकी आजोबांना बिलगून बसली. मला खरंच भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

चारच्या सुमाराला काठावर लाल गाडी येऊन थांबली. पिवळी जाकिटं घातलेले सात जण उतरले आणि त्यांनी हवेने फुगवलेली होडी खाली घेतली. जवळच्या गावचं अग्निशमन दल! सगळे स्वयंसेवक. दोर बांधून त्यांनी आम्हाला एकेक करून सुखरूप काठावर आणलं. मी त्यांच्या प्रमुखाला विचारलं, "तुम्हाला कळवलं कुणी?"

"डेन्व्हरहून एका बाईंचा फोन होता, दुपारी बारालाच. म्हणाल्या, जुन्या पुलाखालच्या बेटावर चौघंजण असतील. चार वाजता जा, त्याआधी त्यांच्या लक्षात येणार नाही."

मी ओले रबरी कपडे उतरवले, त्यांनी आम्हाला ब्लँकेटं दिली. (दुसरी किल्ली सुलभाच्या पर्समध्ये होती. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती.) मग प्रमुखाने फॉर्म काढला. नाव, पत्ता, किती माणसं. सुटका का करावी लागली, त्या रकान्यात त्याने लिहिलं, 'चांगली हवा'.

"ऑक्युपेशन?"

मी खोकलो. केतकी आकाशाकडे बघू लागली. "ऑफिस जॉब," मी पुटपुटलो.

"नो!"

आप्पा ब्लँकेट सावरत पुढे झाले. पोस्टातल्या चाळीस वर्षांच्या इंग्रजीत, पलीकडच्या डोंगरालाही ऐकू जाईल अशा आवाजात, ते म्हणाले, "राइट प्रॉपरली! माय सन-इन-लॉ इज वॉटर इंजिनियर! व्हेरी बिग इंजिनियर! फ्लड एक्स्पर्ट!"

सात माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे, माझ्या अनवाणी पायांकडे.

आप्पा चेष्टा करत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. परक्या माणसांपुढे जावई मान खाली घालतोय हे त्यांना बघवलं नव्हतं. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता आणि माझे डोळे भरून आले. सहा महिने ज्या वाक्यासाठी झुरलो ते अखेर बोललं गेलं होतं, आणि जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

दोन वर्षांनी आम्ही देवगडला गेलो. संध्याकाळी आप्पा मला धक्क्यावर घेऊन निघाले. गळ टाकून बसलेले म्हातारे मला पाहून चक्क उठून उभे राहिले. त्यांतल्या एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, पण आप्पांच्या वयाची माणसं कानातही मोठ्याने बोलतात.

"हेच ते मास्तरांचे जावई. अमेरिकेत पाण्याचे फार मोठे इंजिनियर आहेत. नदीवर गेले तर घ्यायला सरकारी होडी येते!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीही दुरुस्ती केली नाही. नम्रपणे मान झुकवली, बूट काढून छातीशी धरले, कडेला एक पांढरा खडा ठेवला आणि मगच खाली बसलो.