केकाखालचा पाट

केकाखाली घालायचा कोणताही बोर्ड आक्का आधी दोन विटांवर आडवा टाकायची. त्यावर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार हातांवर घ्यायची आणि डोळे मिटून क्षणभर तशीच थांबायची. बोर्ड कुरकुरला की कमरेवर हात ठेवून उठायची आणि म्हणायची, "वजन वरच्याला न्हाय, खालच्याला इचारायचं असतंय, बाय."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नसतं. बारामतीजवळच्या आमच्या जळोचीत ती सगळ्यांची आक्का होती. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. वाढदिवसाला केक कापायची हौस बारामतीत नुकतीच घरोघर पोचत होती. मी पुण्यात शिकून आले होते आणि घरीच केक करून देत होते. केक जमायचे, पण घोडं अडायचं ते खालच्या बोर्डापाशी. पुठ्ठा वाकायचा. प्लायवुडला चंदेरी कागद चिकटवायला घेतला की मधोमध फुगे यायचे. दिवसभर उभं राहून केक सजवावा आणि शेवटी त्या कागदाशी झुंजताना रडू यावं, असं व्हायचं.

खुरपणीनं कंबर गेल्यामुळे आक्का तेव्हा माझ्याकडे भांडी घासायला यायची. माझी झटापट तिनं काही दिवस मुकाट्यानं पाहिली. मग एकदा ओले हात पदराला पुसत म्हणाली, "सरक जरा." कागदाला पाठीमागून मैद्याची खळ लावली आणि सारवताना फिरवतात तसा मधून कडेकडे तळवा फिरवत नेला. एक फुगा राहिला नाही. त्या दिवसापासून बोर्ड तिचे झाले.

ती फर्निचरवाल्याकडून प्लायचे तुकडे निवडून आणायची. केकाच्या चारी बाजूंनी चार बोटं जागा सुटली पाहिजे, हा तिचा हट्ट. "उचलनाऱ्याचा अंगठा कुठं जायचा? केकात?" खाली दोन पट्ट्या ठोकायची, म्हणजे बोटं आत शिरतात. केकाचं तूप कागदाला डागू नये म्हणून वर बटर पेपर.

आयसिंगला मात्र तिनं कधी बोट लावलं नाही. "टाळ्याला चिकटतंय ते," म्हणायची. बाहुलीच्या केकांची तेव्हा फार चलती होती. केकाचा घेर आणि त्यात कमरेपर्यंत रोवलेली प्लास्टिकची बाहुली. एकदा असाच केक बोर्डावर चढवल्यावर ती त्या बाहुलीकडे बराच वेळ बघत राहिली. "सकाळपास्नं उभी हाय बिचारी. बस म्हना की कुनीतरी तिला." मी हसले. तीही हसली, पण भिंतीला टेकून, डोळे मिटून.

आक्का मूळची इंदापूरच्या वाटेवरच्या लासुर्ण्याची सून. नवरा तरणाताठा गेला. त्याच्या बाराव्यालाच दीर भरल्या घरात बोलून बसला, "ही आली आन् माझा भाऊ गेला." त्याच दिवशी ती गाठोडं उचलून निघाली. त्यानंतर त्या घरी ती गेलीच नव्हती. हे तिनं मला एकदाच, कागद कापता कापता सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

मग इंदापूरची ऑर्डर आली. एका बागायतदाराच्या नातवाचा पहिला वाढदिवस. भलाथोरला केक, त्यावर घर, घरापुढे बाग. नेमकी फर्निचरवाल्याच्या घरात मयत झाली आणि दुकान बंद. प्लाय कुठंच मिळेना. शेवटी दोन हार्डबोर्ड एकावर एक चिकटवले. आक्कानं ते विटांवर टाकून पाहिले, तर ते कुरकुरले. मग ती स्वतःच जीपमध्ये मागं बसली आणि केक मांडीवर घेतला.

रस्ता तुम्हाला माहीत आहे. वाकड्यातिकड्या खड्ड्यांतून, उसाच्या ट्रॉल्यांना बाजू देत आम्ही निघालो. थोड्याच वेळात बोर्ड मधून खचू लागला. आक्कानं खालून दोन्ही हात आडवे घातले.

"हात भरून आले असतील गं."

"आल्यात की. येऊ दे."

मग बागेतून एक भेग निघाली आणि घराच्या भिंतीपर्यंत गेली. समोर लासुर्णे दिसायला लागलं होतं. आक्का जीपवाल्याला म्हणाली, "आत घे गाडी. चिंचंपाशी थांबव."

अंगणात दीर पोतं शिवत बसला होता. आता म्हातारा झाला होता. आक्का उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली.

"एक पाट पायजे. मोठा."

तो बघतच राहिला. "कुनाला बसवायचंय?"

"केकाला."

त्याला काय कळलं कोण जाणे. जाऊ बाहेर आली आणि दारातच थबकली. दीर आत गेला आणि माळ्यावरून बाभळीचा एक जाडजूड पाट काढून आणला. आक्काच्या नवऱ्यानं तो बांधावरच्या पडलेल्या बाभळीचा स्वतः केला होता. "त्यो गेल्यापास्नं कोन बसलं न्हाय ह्याच्यावर," दीर म्हणाला आणि धोतराच्या सोग्यानं धूळ पुसू लागला.

उरलेला कागद आमच्यापाशी होता, खळ नव्हती. जावेनं न विचारता चुलीवर कणीक शिजवायला ठेवली. आक्का अंगणात बसली आणि नवऱ्याच्या पाटावर चंदेरी कागद चढवू लागली. तिचा तळवा एरवीपेक्षा हळू फिरत होता. एका जागी लाकडात खळगा होता, तिथं तो जरा थांबला.

दीर जवळ येऊन उकिडवा बसला. "वहिनी, मी त्या दिशी जे बोललो..."

"भावजी, कागद वला हाय. हात लावू नगा."

त्यानं हात मागं घेतला. पण उठला नाही. जावेनं चहा आणला. आक्कानं कप हातात घेतला, थोडा वेळ कपाकडेच पाहिलं आणि चहा प्यायला.

आम्ही चौघांनी मिळून केक बटर पेपरसकट पाटावर सरकवला. भेगेवर मी हिरव्या आयसिंगचा वेल काढला. इंदापुरात सगळे केकावरचं घर बघून "वा, वा" करत होते. आक्का एका खुर्चीमागं उभी राहून केक संपायची वाट पाहत होती. परतताना लासुर्ण्यात पाट घेऊन ती एकटीच उतरली. बऱ्याच वेळानं आली.

"काय म्हणाले?"

"जेवून जा म्हनले. म्हनलं, जीपवाला खोळंबलाय."

पुढे सुगीच्या आधी दीर स्वतः जळोचीला आला. बायकोला आता उठबस होत नाही, घरी चला, असं म्हणाला आणि दारात खाली मान घालून उभा राहिला. आक्कानं आधी त्या दिवशीचे बोर्ड पुरे केले, कात्री धुऊन ठेवली. "मी काय लई खूश हून चालले न्हाय," ती मला म्हणाली. "पर हितं तरी कोन वाट बघतंय?" मग ती दिराबरोबर निघाली.

वर्षभरानं इंदापूरहून येताना एका दुपारी मी वाट वाकडी करून तिच्याकडे गेले. त्यानंतर ती मला भेटली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती वारली, तेही मला उशिरा कळलं.

त्या दुपारी जाऊ भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि तिनं तोंडावर बोट ठेवलं. आत आक्का उघड्या जमिनीवर, हाताची उशी करून झोपली होती.

"उठवू का?" जावेनं विचारलं.

"नको."

"आली तवा झोपतच न्हवती. कुनी हाक मारंल म्हनून बसूनच असायची. आता झोपती." जावेनं तांब्या हळूच माझ्यापुढं ठेवला आणि कष्टानं खाली बसून पदराच्या टोकानं आक्काच्या तोंडावरच्या माश्या वारू लागली.