बाबांची क्रेन आणि रेकॉर्डची सुई

काल हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी लेकीने नवा रेकॉर्ड प्लेयर जोडला. त्याचा सुई धरणारा थंडगार आर्म बोटांना लागला आणि मला आमचं प्लांटचं जुनं क्वार्टर आठवलं.

बाबा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. वितळलेल्या लोखंडाने भरलेली अवाढव्य बादली ते माणसांच्या डोक्यांवरून अलगद न्यायचे. एका मे महिन्यात त्यांनी पावर हाउस भागातल्या बाजारातून आमच्या जुन्या प्लेयरसाठी नवा आर्म आणला. त्याच्या मागच्या टोकाचं वजन फिरवत फिरवत आधी तो हवेत आडवा तरंगवायचा होता.

"पंखा बंद कर! आर्म हालून राहिला," बाबा ओरडले. आई, बाबा आणि मी घामाने निथळत, श्वास रोखून बसलो. अखेर तोल जमला. पण सुई रेकॉर्डवर टेकवायची वेळ आली, तसा बाबांचा हात थरथरायला लागला.

"तुमी क्रेन कशी चालवता मंग?" आईने विचारलं.

"क्रेनखाली तुह्या माहेरची रेकॉर्ड नसते!" बाबा खेकसले.

आईने पदराला हात पुसले आणि सुई अलगद टेकवली. गाणं लागलं.

"सेटिंग कोनं केली?" बाबा लगेच म्हणाले.

तेव्हा मी हसून लोळले होते. आता कळतं, आईवरच्या प्रेमाचं बाबांचं ते माहेरच्या रेकॉर्डचं एकच वाक्य मी ऐकलं, आणि तेही खेकसून म्हटलेलं.