दसऱ्याला घेतलेला लॅपटॉप

बाळापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी असताना आलेला एक तक्रारी अर्ज अजून माझ्या मनातून गेलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण लॅपटॉपच्या या चोरीइतकं गोड प्रकरण दुसरं आलं नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी झेंडू पिकवणारा एक शेतकरी मुलीला घेऊन ठाण्यात आला. मुलगी अमरावतीला शिकून आदल्याच दिवशी घरी आली होती. एका कंपनीत तिला घरून करायचं काम मिळालं होतं. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बापानं दसऱ्याला अकोल्याहून नवा लॅपटॉप आणला आणि तो घरातून चोरीला गेला, असं अर्जात लिहिलं होतं.

"संशय कोणावर?"

"कोनावरच नाई, सायेब. सारेच चांगले हायेत गावात."

मी कान टवकारले. ज्याचं खरंच चोरीला जातं, तो खुर्चीवर टेकायच्या आत भाऊबंदांपैकी तिघांची नावं सांगून मोकळा होतो. मी अर्ज चौकशीवर ठेवला. पावती मागितली, ती त्यानं निमूट दिली. तिच्यावरचा नंबर अकोल्यातल्या, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या आणि जुने विकणाऱ्या दुकानांना कळवला.

दुपारीच एका दुकानदाराचा फोन आला. "सायेब, लॅपटॉप माझ्यापाशी हाय. काल एक काका देऊन गेले. तुमी येऊनच पाहा."

बाप-लेकीला जीपमध्ये घालून मी अकोल्याला गेलो. मुलीला बाहेर बसवलं आणि बापाला आत नेलं. टेबलावर चंदेरी रंगाचा पातळ लॅपटॉप उघडा पडला होता. बटणांखाली कुंकवाचा लगदा, त्यात झेंडूची एक पाकळी.

"पाणी कोणी शिंपडलं?" मी आवाज चढवला.

बाप घामाघूम झाला. "मीच, सायेब. दरसाल फवारनीच्या पंपाची, तराजूची पूजा करतो. म्हटलं, हे पोरीचं अवजार, याले काहून सोडाव? फुलानं दोन शिंतोडे मारले. भक्कन उजेड आला अन् इझला."

"मग चोरीचं सोंग कशाला?"

"पोरगी म्हने, हापिसातून निघालेला जुना घ्या, जाडा-काळा असला तरी टिकते. मले पटलं नाई. तिच्या पयल्या नोकरीले दुसऱ्यानं वापरलेली वस्तू कशी देऊ? मी चमकता घेतला." त्यानं हात जोडले. "मले आत टाका, सायेब. पन तिले सांगू नका."

खोट्या तक्रारीबद्दल मी त्याला चांगलाच झाडला; पण त्या शेवटच्या वाक्यानं माझा राग पार ओसरला होता. "ते तुम्हीच सांगायचं," मी म्हणालो आणि मुलीला आत बोलावलं.

त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. तिनं ती पाकळी बोटानं अलगद उचलली. मग तिनं दुकानदाराला विचारलं, "ऑफिसवाला हाय का तुमच्याकडे?"

त्यानं फळीवरून एक जाडजूड काळा लॅपटॉप काढला. कोपऱ्यावर टवका उडालेला. "घरगुती मॉडेलात पानी सरळ आत उतरते," तो म्हणाला. "याच्या बटनाखालून पानी वाहून जायले वाट हाय. बिजागऱ्याबी लोखंडी हायेत."

मुलीनं तो बापाच्या हातात दिला. "घरी चला, बाबा. याची पूजा राहिली हाय. अन् तुमच्याच हातानं करा."

बाप तिथंच, दुकानात, लहान मुलासारखा रडला. माझेही डोळे भरून आले, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

सोमवारी मुलगी वेळेवर कामावर रुजू झाली. मी अर्जावर 'वस्तू मिळून आली' असा शेरा मारून तो निकाली काढला.

खोटं बोलणारा म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण मी वर्षानुवर्षं वापरलं होतं. या माणसाला कोठडीची भीती नव्हती. पोरीच्या नजरेतून उतरायची होती. त्यानंतर चौकशीला बसलो की समोरचा कोणाला घाबरतोय, हे मी आधी विचारू लागलो. बरेचदा ते माणूस दाराबाहेरच बसलेलं असायचं, त्याची वाट बघत.