पाण्यात काय घालता, हे कोण सांगणार?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. सरकारी ऑफिसला एक साधा प्रश्न विचारा आणि वाट बघा. फ्रीजमध्ये उरलेल्या भाज्यांचे डबे साठतात, तसे ते आपोआप साठतात. आमच्या मराठी ग्रुपच्या पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणून जमतो तेव्हा, अजूनही कुणीतरी म्हणतंच, "अनघा, ते पाण्याचं सांग ना!" मग सांगावं लागतं.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. डेट्रॉइटच्या उत्तरेला एका छोट्या उपनगरात आम्ही राहायचो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. माझी मुलगी इरा चार महिन्यांची होती आणि फक्त फॉर्म्युलावर होती. म्हणजे दुधाची पावडर आणि नळाचं पाणी. गावाच्या पाण्यात दातांसाठी फ्लोराइड घालतात, हे मला माहीत होतं. पण तान्ह्या बाळाला त्याच पाण्यात फॉर्म्युला द्यावा का, याचा विचार करा, असं कुठेतरी वाचलं आणि मी विचारत सुटले.

इराच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हा दातांचा विषय आहे, डेंटिस्टला विचारा."

डेंटिस्टला विचारलं. तो म्हणाला, "तिला दात आहेत का?"

"नाहीत."

"मग बाळाच्या डॉक्टरांना विचारा!"

*

शेवटी सिटीच्या पाणी खात्याला फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "आम्ही फक्त घालतो. किती घालायचं ते काउंटी सांगते." काउंटी म्हणजे इथला जिल्हा. ती म्हणाली, राज्य. राज्य म्हणालं, वॉशिंग्टन. वॉशिंग्टनच्या एका ऑफिसने सांगितलं, "आम्ही फक्त शिफारस करतो." दुसऱ्याने सांगितलं, "आम्ही फक्त जास्तीत जास्त किती चालेल ते ठरवतो. घाला असं आम्ही म्हणतच नाही!" तिसऱ्याने अतिशय आपुलकीने मला एक नंबर लिहून घ्यायला लावला. मी तो फिरवला.

"हाय अगेन!" तीच गोड आवाजाची मुलगी!

हे सगळं घडत असताना शेजारच्या समीरचे वडील, वानखेडे काका, आमच्याकडे चहा पीत बसले होते. काका यवतमाळचे. पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले आणि मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मी चिडून फोन आपटला, तर ते कौतुकाने मान हलवत म्हणाले, "काय बाप्पा, तयार पोरगी आहे! इतक्या गोड आवाजात काहीच न सांगायला आमच्याकडे वीस वर्षं सर्व्हिस लागते."

*

मग माझी मैत्रीण वृंदा आली. वृंदा नागपूरची, इथे केमिस्ट्रीत पीएचडी करत होती. ती म्हणाली, "हे बघ यार, फ्लोराइड म्हणजे विष असं मी म्हणत नाहीये. थोडं असलं तर दातांना चांगलं, जास्त झालं तर वाईट. प्रश्न एवढाच आहे की बाळाच्या पोटात एकूण किती जातं हे कुणी मोजलंय का. लेखी विचारू या."

तिने माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला. "सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी हे पाणी सुरक्षित आहे, याचा तुमच्याकडे असलेला पुरावा द्यावा." एवढं एकच वाक्य.

माझा नवरा नितीन अर्ज वाचून पांढराफटक पडला. "आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, आणि तुम्ही सरकारशी पंगा घेताय?"

"पंगा नाही रे, पाणी विचारतोय!" मी म्हटलं.

सात आठवड्यांनी जाड पाकीट आलं. आत एक रंगीत पत्रक. त्यावर पाण्याचा हसरा थेंब, हातात टूथब्रश. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती: राज्य'. वृंदाने राज्याकडे तोच अर्ज केला. त्यांचंही पत्रक आलं. थेंब तोच, फक्त त्याला टोपी घातलेली! खाली बारीक अक्षरात, 'माहिती: स्थानिक पाणी खाती'.

वृंदाने दोन्ही थेंब फ्रीजवर शेजारी शेजारी लावले आणि पहिल्यांदाच मला तिच्या तोंडून शिवी ऐकायला मिळाली. शुद्ध नागपुरी.

*

मे महिन्यात वॉटर प्लांटचं ओपन हाउस होतं, म्हणजे त्या दिवशी कुणीही आत जाऊन प्लांट बघू शकत होतं. तिथे डेल नावाचा ऑपरेटर भेटला. साठीचा, सरळ माणूस. त्याने आम्हाला फ्लोराइडची टाकी दाखवली. टाकीवर धोक्याची खूण, शेजारी रबरी हातमोजे, तोंडावर घालायची ढाल. "हे सगळं पातळ करण्याआधीचं," तो म्हणाला. ते आम्हालाही कळत होतं.

काकांनी धंद्यातला प्रश्न विचारला. "हा फ्लोराइड सोडणारा डोसिंग पंप बंद पडतो का कधी?"

"पडतो ना! गेल्या हिवाळ्यात पाच आठवडे बंद होता. पार्टच मिळेना."

"मग लोकांना कळवलं?"

"कुणी तक्रारच केली नाही!" डेल म्हणाला.

वृंदाने पर्समधून वार्षिक रिपोर्ट काढला. बारा महिन्यांचे बारा आकडे, बाराही एकसारखे. डेलने चष्मा लावून एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "मी जे लिहून देतो, ते हे नाही."

तो काही लपवत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं!

*

वृंदा, काका आणि मी सिटी कौन्सिलच्या मीटिंगला गेलो. ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं. वृंदाने मुद्दे काढले होते. खरे आकडे प्रसिद्ध करा, पंप बंद पडला तर सांगा, बाळांबद्दल तुमच्याकडे काय पुरावा आहे ते दाखवा, नसेल तर नाही म्हणा.

पण आमच्या आधी एक गृहस्थ उठले. त्यांच्या मते फ्लोराइड हा सरकारने लोकांचे मेंदू ताब्यात घेण्याचा डाव होता. रेडिओ लहरीही त्यात होत्या. तिसरं मिनिट संपता संपता त्यांनी आमच्याकडे बोट केलं. "या भल्या लोकांना विचारा! यांना सगळं माहीत आहे!"

अख्खा हॉल वळून आमच्याकडे बघायला लागला. वृंदा उठली, दोन वाक्यं बोलली, पण ऐकतंय कोण? मीटिंगच्या नोंदीत आलं: 'चार नागरिकांनी रेडिओ लहरींबद्दल चिंता व्यक्त केली.'

घरी येताना वृंदा गाडीत रडली. "मी सहा वर्षं केमिस्ट्री करतेय, अनघा. सहा वर्षं!"

*

शेवटी काय झालं ते आधीच सांगून टाकते. फ्लोराइड चालूच राहिलं. इरासाठी आम्ही दुकानातलं पाणी आणायला लागलो. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण पंप बंद पडला की सिटीच्या वेबसाइटवर दोन ओळी येतात आणि रिपोर्टातले बारा आकडे आता बारा वेगळे असतात. हे झालं ते पुढच्या मीटिंगनंतर.

त्या मीटिंगला वृंदा यायलाच तयार नव्हती. काका म्हणाले, "चल, मी बोलतो." आम्ही घाबरलो. व्हिजिटर व्हिसावरचा माणूस! पण त्यांनी नाव दिलंसुद्धा.

काका माइकपुढे उभे राहिले. इंग्रजी सावकाश, पण स्पष्ट.

"मी चौतीस वर्षं तुमच्याच जागी बसलेला माणूस आहे. आम्ही एका खेड्यात हातपंप बसवला. दोन वर्षांनी तिथली अंगणवाडीची बाई आली. म्हणाली, साहेब, पोरांचे दात तपकिरी पडतायत, पाणी तपासलं का? मी म्हटलं, सगळं मर्यादेत आहे. ती परत आली. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात या. ती दर महिन्याला यायची, अकरा किलोमीटर चालत. आम्ही फ्लोराइड तपासलंच नव्हतं. ऑफिसात त्याचं किटच नव्हतं. हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. तपासणी झाली तेव्हा उशीर झाला होता. काही पोरांचे पाय वाकले होते."

काकांनी कौन्सिलच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"तुमच्या पाण्यात तेवढं फ्लोराइड नाही, मला माहीत आहे. आमचं जमिनीतून यायचं, तुम्ही मोजून घालता. मी फ्लोराइडबद्दल बोलतच नाहीये. मी त्या खुर्चीबद्दल बोलतोय."

तीन मिनिटं संपल्याचा लाल दिवा लागला. अध्यक्षबाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "थँक यू, सर. नोंदीसाठी सांगाल का, हा प्रश्न होता की कॉमेंट?"

काकांनी माइक पुन्हा जवळ ओढला.

"उत्तर होतं, मॅडम," ते म्हणाले. "त्या बाईला द्यायचं राहून गेलं होतं."