शेजारच्या सरीत

गाडी थांबली की मॅडम आधी गाडीकडे बघायच्याच नाहीत. तिच्या मागे जाऊन उकिडव्या बसायच्या, चाकाच्या खुणेवर तळहात टेकवायच्या आणि म्हणायच्या, "चाक फिरलंय भाऊ. गाडी गेली न्हाई."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही उमगलं नाही. माझं हिंगोलीत वेल्डिंगचं दुकान आहे. नांगर, वखर, ट्रॉलीचे तुटलेले सांधे, हे माझं काम. मॅडम एका कॉलेजात शिकवायच्या. एक दिवस स्कूटीवरून आल्या आणि टेबलावर एक चित्र पसरलं. त्यांना चार चाकांचा सांगाडा हवा होता. एक चाक ढेकळावर चढलं तरी बाकीच्या तिघांनी जमीन सोडायची नाही, अशी अट.

"ड्रायव्हर कुठं बसंल?" मी विचारलं.

"कुणीच बसणार न्हाई."

"मग चालवंल कोण?"

"तिची ती चालंल. फक्त आपण कुठं हाव, हे तिला कळलं पाहिजे. तेवढंच राहिलंय."

त्या 'तेवढंच' मध्ये पुढचे काही पावसाळे गेले.

गाडी हळदीच्या सरीतून जाणार आणि पोटाखालच्या पात्यांनी तण कापणार होती. डांबरी रस्त्यावर हे सोपं असतं. चाकाचे फेरे मोजले की अंतर कळतं. पण आपली काळी जमीन तुम्हालाही ठाऊक आहे. पाऊस पडून गेला की चाक जागीच गरगरतं, नाहीतर तिरकं सरकतं, आणि गाडी समजते आपण पुढं गेलो. उपग्रहावरून ठिकाण कळतं, पण चिंचेखाली गेलं की तेही डळमळतं. कॅमेऱ्याला हळदीच्या पानांशिवाय काही दिसत नाही.

गंमत म्हणजे मॅडमना स्वतःला रस्ते कळायचे नाहीत. माझ्या दुकानात इतक्या वेळा येऊनही त्या मागच्या गल्लीत शिरायच्या आणि तिथून फोन करायच्या. औंढ्याला जायचं वळण तर हमखास चुकायच्या. मी हसलो की म्हणायच्या, "मी चुकले तर विचारता येतं. ती कुणाला विचारंल?"

पहिली चाचणी पुसेगावजवळ एका मावशींच्या शेतात झाली. सरीच्या मध्यावरच गाडी वळली आणि चांगली वाढलेली हळद आडवी करत पलीकडे गेली. मावशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, खाली आल्या.

"सरी सोडून हळदीत काहून शिरून राहिली ही?"

"तिला वाटलं सरी संपली," मॅडम म्हणाल्या.

"वाटलं? डोळे न्हाईत का तिला?"

"हायेत. पण तुमची हळदच लई दाट हाय मावशी."

या स्तुतीवर मावशी थोड्या नरमल्या. मॅडम मात्र दिवस मावळेपर्यंत एकेक झाड उभं करून त्याच्या बुडाला माती लावत होत्या. मी उभा राहून बघणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीही लावली.

त्यानंतर त्या गाडीला सगळीकडं पळवू लागल्या. कोरड्या रानात, ओल्या रानात, नुकत्या नांगरलेल्या रानात, उतारावर. कुठं चाक किती सरकतं ते मोजायचं आणि गाडीला शिकवायचं, म्हणजे पुढच्या वेळी ती आपणच अंदाज बांधेल. लॅपटॉपवर गाडीचा एक ठिपका दिसायचा आणि त्याच्याभोवती एक गोल.

"हा गोल कशाला?" मी विचारलं.

"मी इथंच हाय, असं ती म्हणत न्हाई. या गोलात कुठंतरी हाय, म्हणते."

चाक सरकलं की गोल मोठा व्हायचा. खुणेसाठी धुऱ्यावर रोवलेला उंच काळापांढरा खांब दिसला की पुन्हा लहान व्हायचा. तो सरीपेक्षा मोठा झाला की पाती बंद पडायची आणि गाडी थांबायची. तसं मॅडमनीच करून ठेवलं होतं.

पुण्याहून दोघे पाहुणे आले ते हेच बघायला. त्यांना पसंत पडलं तर गाड्या कारखान्यात बनणार होत्या. आदल्या दिवशी पाऊस झालेला. गाडी थोडी चालली, थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली.

"हे थांबणं काढून टाका," त्यांच्यातला एक जण म्हणाला. "चालत राहिली पाहिजे. थोडंफार चुकलं तर चालतं. थांबलेलं मशीन गिऱ्हाइकाला आवडत नाही."

"काढते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही शेजारच्या सरीत बसा."

तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बायका तिथंच बसून खुरपतात. पानांतून त्यांचं डोकंही दिसत नाही. तिलाही दिसत नाही आणि तुम्हालाही दिसणार नाही."

पाहुणा आपल्या बुटांकडे बघत राहिला. तेव्हा मॅडम स्वतः हळदीत शिरल्या आणि शेजारच्या सरीत बसल्या. आतून आवाज आला, "भाऊ, चालू करा. थांबणं आहे तसंच राहू द्या."

मी बटण दाबलं. नुसती पानं हलताना दिसत होती. त्या जिथं बसल्या होत्या तिथं पोचण्याआधीच गाडीचं चाक ओल्यात फिरलं, लॅपटॉपवरचा गोल फुगला आणि पाती थांबली. मॅडम उठल्या तेव्हा त्यांच्या पदराला चिखल लागला होता, आणि गाडीचं तोंड त्यांच्या सरीकडे वळायला लागलेलं होतं.

पाहुण्यांचा नकार फोनवर आला.

"त्यांचं बराबर हाय," मॅडम म्हणाल्या. "थांबणारी गाडी कोण घेईल?"

"मग काढायचं होतं थांबणं."

त्या म्हणाल्या, "माझी आई खुरपायला जाते भाऊ. अजून."

त्यांचं घर सेनगावकडच्या बंजारा तांड्यावर आहे, हे मला माहीत होतं. हे नव्हतं.

पुढच्या मोसमात मी चाकांना दातेरी पट्ट्या जोडून दिल्या, त्यांनी खांब वाढवले. थांबणं कमी झालं, पुरतं गेलं नाही. मग त्यांना लांब डोंगराळ मुलुखात नोकरी लागली. दरड कोसळली की ढिगाऱ्यावरून चालत माणसं शोधणारी यंत्रं तिथं बनवतात म्हणे. गाडी त्या तांड्यावर ठेवून गेल्या. फोन येतो कधीमधी. फार बोलत नाहीत.

परवा सांगाड्याचा एक सांधा तडकला म्हणून मला तांड्यावर बोलावणं आलं. सांधा जोडला, गाडी सरीत सोडली आणि धुऱ्यावर उभा राहिलो. शेजारच्या सरीत पानांआड चारपाच बायका खुरपत होत्या. मॅडमची आई त्यांना तांड्याच्या गोरमाटी बोलीत कुणाच्यातरी लग्नातली गोष्ट सांगत होती. ती मला समजत नव्हती, पण बायका हसत होत्या. गाडी त्यांच्या अगदी जवळून गेली. पानं हलली. कुणी मान वर करून पाहिलं नाही.