मोहाखाली मोठ्या आवाजात

फौजेतून पेन्शनीवर आलो, तरी गावात मला कोणी काही विचारेना, याचा मला भारी राग होता. त्यामुळे सावली तालुक्यातल्या आमच्या गावातल्या बाया जेव्हा म्हणाल्या की नाल्याकडे वाघाच्या पंजांचे ठसे दिसलेत, मोहफुलं वेचायला सोबत चला, तेव्हा मी मिशीला पीळच दिला.

पहिल्याच पहाटे त्यांना रांगेत उभं केलं. दोघींमध्ये पाच पावलांचं अंतर, बोलायचं नाही, पाल्यावर पाय वाजवायचा नाही. बर्फाच्या डोंगरावर लढाईत आम्ही असेच चढलो होतो. थोडं अंतर गेल्यावर सगळ्यांत म्हातारी बाई थांबली.

"फौजीभाऊ, आपण का वाघाले माराले चाललो? चूप गेलो तं त्याच्या अंगावरच जाऊ. त्याले आयकू आलं पाह्यजे. बोला."

बाया हसल्या, रांग मोडली. माझी चांगलीच जिरली.

बोलायचं काय? मी मुळात तुसडा. लढाईबद्दल तर घरातही चकार शब्द काढला नव्हता, आणि बायको समोरच्याच झाडाखाली वेचत होती. पण वाकलेल्या बाईला मागचं दिसत नाही. एवढ्या जणी धडधाकट घरी न्यायच्या होत्या. म्हणून बोललो, तेही ओरडून. रेशनचं खेचर दरीत गेलं आणि आम्ही चार दिवस चण्यावर काढले, ते सांगितलं. बायकोने पाठवलेला मोहाच्या लाडवांचा डबा माझ्या गढवाली जोडीदाराने एकट्याने फस्त केला, तेही. बाया खदखदून हसत होत्या. मला इतकं बरं वाटलं की थांबवेना.

बोलता बोलता त्या जोडीदाराच्या शेवटच्या सकाळपर्यंत आलो आणि थांबलो. रान एकदम चिडीचूप झालं.

बायको मान वर न करता म्हणाली, "थांबू नका. वाघ आयकून राह्यला."

मग घसा फोडून सांगितलं. वर चढण्याआधी तो म्हणाला होता, भाभीला सांग, लाडू झकास होते, अजून पाठवा. तो परत उतरला नाही. निरोप माझ्यापाशीच राहिला, वीस वर्षांच्या वर.

सगळ्या जणी भरल्या टोपल्यांनी घरी आल्या. बायकोने अंगणात फुलं वाळत घातली आणि विचारलं, त्याची आई आहे का? मी म्हटलं, आहे.

"मंग पत्ता द्या," ती म्हणाली. "अन् डबा मोठा काढा."